उलटी बाजू

या कापडाची उलटी बाजू पाहिलेला मी एकटाच.
शिडी माझी, तारा माझ्या, पगार नगरपालिकेचा.
तुम्ही खालून फुलं पाहिलीत,
मी गाठी पाहिल्या.

आंदालुसियातलं आमचं टेकडीवरचं गाव.
चुन्याच्या भिंती उन्हाळ्यात डोळ्यांत खुपतात,
दुपारी दोनला रस्त्यावर फक्त ऊन चालतं.
एका वर्षी काझिल्दा बेकरीवाली म्हणाली,
सावली विणू.
सगळे हसले.
मग दोऱ्याचे गुंडे आले.

माप ठरलं, वीस बाय वीस सेंटिमीटर.
हवे होते चौदाशे चौकोन.
दवाखान्याच्या बाकावर, बसथांब्यावर,
केसांचा रंग सुकेपर्यंत, मयताच्या घरीसुद्धा
बायका क्रोशा चालवत राहिल्या.
एवारिस्तो टपालवालाही शिकला, पडदे ओढून.
ऑलिव्ह तोडायला सेनेगलहून आलेल्या बाबाकारला
टाके काही जमेनात,
पण त्याचा बाप कोळी होता, जाळं येत होतं.

माप एक, हात निराळे.
रेमेदियोसचा हात सैल, चौकोन भरला तेवीस.
दुकानातही ती काटा झुकल्यावर
वर मूठभर घालतेच.
ओब्दुलियाचा हात घट्ट. सतरा.
बोट शिरेना, डास शिरेना.
अंगणात चेंडू आला
की ही सुरी घेऊनच बाहेर यायची.
गावातल्या दोन पिढ्यांना ती सुरी पाठ आहे.

समितीत जुंपली. उसवा म्हणाले.
"उसवा की," ओब्दुलिया म्हणाली,
"तेवढी नखं आहेत कुणाची?"
नव्हती कुणाची.
शेवटी बाबाकारनं तो सतरा मांडीवर घेतला,
भोवतीनं जाळ्याच्या गाठी मारत
वीसवर आणला.
त्याला तोवर गावात कुणी जेवायला बोलावलं नव्हतं.
त्या रात्री ओब्दुलियानं बोलावलं.
काय वाढलं, विचारू नका, हात घट्ट.

जूनमध्ये चढवलं.
अर्ध्या गावानं दोर ओढले, उरलेल्या अर्ध्यानं सल्ले दिले.
सावलीलाही नक्षी होती, हे कुणी धरलंच नव्हतं.
फादरच्या टकलावर गुलाब,
पावाच्या ढिगावर चांदण्या,
आणि बेकरीचा कुत्रा एकाच फुलात झोपायचा,
फूल सरकलं की उठून तोही सरकायचा.
खुर्च्या बाहेर आल्या.
खुर्च्यांमागून जुनी भांडणंही आली,
पण बसून भांडायला बरं वाटत होतं.

जुलैत एक चेंडू वर गेला
आणि आलाच नाही.
कुणी मारला? कुणीच नाही.
पण फुलाफुलांच्या सावलीत एक काळा गोळा
बरोबर ओब्दुलियाच्या दारापुढे
भर दुपारी येऊन बसायचा.
पोरं त्याला वळसा घालून जायची.
ती त्याच्यावर रोज पाणी शिंपडायची,
डाग काढावा तशी.

ऑक्टोबरात उतरवायला चढलो.
वरून सगळं पांढरंफटक. लाल कुठलं, निळं कुठलं, कळेना.
एवारिस्तोच्या दोऱ्यांची टोकं मोकळीच, वाऱ्यावर.
एका चौकोनाला वरच्या अंगानं बारीक टाक्यांत नाव होतं,
कुणाचं ते सांगणार नाही.
ते आभाळानं वाचावं म्हणून विणलेलं,
आणि वाचून वाचून आभाळानं ते पुसत आणलेलं.

चेंडू तिथेच होता.
रेमेदियोसच्या चौकोनातून कधीच खाली पडला असता.
तो बसला होता सतरावर,
अंड्यासारखा.

खाली फेकला नाही, काखेत घेऊन उतरलो.
पोरं गप्प. ओब्दुलिया दारात.
तिनं तो घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला,
कलिंगड पाहतात तसा कानाशी नेला.
पोरांची नजर तिच्या दुसऱ्या हातावर.

"हवा गेलीय," ती म्हणाली.
मग आमच्याकडे बघून, खेकसून,
"पंप कुणाकडे आहे?"